ओढ्याकाठच्या वाटा कोणाच्या?

लोणावळ्याजवळ, नागफणीच्या सुळक्याच्या पाठीशी, कुरवंडे नावाचे एक लहानसे गाव आहे. या परिसरात पडणाऱ्या पावसाच्या दोन वाटण्या होतात. पूर्वेकडे वळणारे पाणी इंद्रायणीच्या नावाने देहू-आळंदीवरून वाहत जाऊन भीमेला मिळते आणि अखेर कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागरात पोहोचते. पश्चिमेकडे वळणारे पाणी ओढ्या-ओहोळांच्या रूपाने कडा उतरते, अंबा नदीत शिरते आणि धरमतरच्या खाडीवाटे अरबी समुद्राला मिळते. याच गावातून एक जुनी घाटवाट चावणीच्या बाजूला, म्हणजे कोकणात, उतरते. १६६१ च्या फेब्रुवारीत कारतलबखानाची फौज या वाटेने खाली उतरली आणि अंबा नदीच्या काठी उंबरखिंडीच्या चिंचोळ्या दरीत शिवाजी महाराजांच्या मावळ्यांनी तिला कोंडीत पकडले. पाण्याच्या काठाने जाणारी वाट कोठे रुंदावते, कोठे आवळते आणि कोठे तिला बगल देता येत नाही, हे ज्यांना पाठ होते त्यांनी ज्यांना ते ठाऊक नव्हते त्यांच्यावर मिळविलेला तो विजय होता.

हा इतिहास आपण मुलांना शिकवितो, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या ओढ्यांनी व ज्या वाटांनी तो घडविला त्यांची आज काय अवस्था आहे, हे विचारण्याची तसदी आपण सहसा घेत नाही. सह्याद्रीच्या दोन्ही उतारांवर असे शेकडो ओढे आहेत आणि त्यांच्या काठाने जाणाऱ्या शेकडो वाटा आहेत. त्यांपैकी काही बुजल्या, काहींवर कुंपणे पडली, काही रस्त्याच्या राडारोड्याखाली गेल्या आणि काही केवळ वर्दळ संपल्यामुळे झुडपांत हरवल्या. यात कोणाची खाजगी मालमत्ता गेली नाही, म्हणून कोणी ओरड केली नाही. गेली ती सर्वांची मालमत्ता. आणि जी सर्वांची असते तिचा वाली कोणी नसतो, हा आपल्या सार्वजनिक जीवनाचा जुनाच अनुभव आहे.

पाण्याने शोधलेली वाट

ओढा आणि वाट यांचे नाते योगायोगाचे नाही. सह्याद्री हा लाव्हारसाच्या थरांवर थर साचून बनलेला काळ्या कातळाचा डोंगर आहे. या थरांना उभ्या भेगा आहेत, आणि कठीण थरांच्या मधून ठिसूळ थरही आहेत. लक्षावधी वर्षांच्या पावसाने या भेगा रुंदावल्या, त्यांच्या घळी झाल्या, घळींच्या नाळा झाल्या. पश्चिमेकडे सरळ तुटलेल्या कड्यात माणसाला चढउतार करता येईल अशी फट पाण्यानेच करून ठेवली आणि माणसाने ती वापरली. रायगड-लिंगाण्याच्या परिसरातील बोराट्याची नाळ, सिंगापूरची नाळ किंवा हरिश्चंद्रगडाची नळीची वाट ही नावेच ते सांगतात. जेथे पाणी उतरते तेथून माणूस उतरतो, हा घाटवाटांचा पहिला नियम आहे.

मात्र डोंगरातील माणसाने पाण्याचे आंधळे अनुकरण केलेले नाही. या वाटा नीट पाहिल्या तर त्यांत पिढ्यान्‌पिढ्यांचे शहाणपण साठलेले दिसते. वाट बहुधा ओढ्याच्या एका काठाने, पुराच्या रेषेच्या वर राहून जाते. जेथे पात्र पसरट व खडकाळ असते, पाणी पातळ होऊन वाहते, तेथेच ती ओढा ओलांडते. पुढे धबधब्याचा कातळ आडवा आला की ती ओढा सोडून शेजारच्या सोंडेवर चढते आणि कातळ वळसा घालून पुन्हा पाण्याला येऊन मिळते. दोन थरांच्या सांध्यातून झरा पाझरत असेल तेथे टाके खोदलेले असते, किंवा निदान विसाव्यासाठी एखादे झाड राखलेले असते. कोकणात अशा ओहोळाला कोठे पऱ्या म्हणतात, कोठे व्हाळ. त्यातील खोल डोहाला कोंड म्हणतात, त्यावर टाकलेल्या लाकडी पुलाला साकव म्हणतात आणि चढावरच्या दगडी पायऱ्यांच्या वाटेला पाखाडी म्हणतात. ज्या समाजाच्या बोलीत एका ओढ्यासाठी इतके शब्द आहेत, त्या समाजाचे जीवन त्या ओढ्याशी किती निगडित होते हे वेगळे सांगायला नको.

आणि हे केवळ गावकुसापुरते नव्हते. जुन्नरहून नाणेघाटाने उतरून कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे जाणारा मार्ग दोन हजार वर्षांहून अधिक जुना आहे. घाटमाथ्याच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतील शिलालेख आहे, वाटेवर पाण्याची कोरीव टाकी आहेत आणि माथ्यावर जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आहे. राजसत्तेला वाटेचे मोल कळले होते, आणि वाटेवर पाणी लागते हेही कळले होते. पुढे १८३० मध्ये बोरघाटात गाडीरस्ता झाला, १८६३ मध्ये त्याच घाटातून आगगाडी वर चढली आणि व्यापार जुन्या घाटवाटा सोडून गेला. व्यापार गेला तरी वाटा मोडल्या नाहीत. कारण त्यांवर अवलंबून असलेली माणसे डोंगरातच राहिली होती.

ती माणसे आजही तेथे आहेत. महादेव कोळी, ठाकर, कातकरी, धनगर यांच्या वाड्या-वस्त्या सह्याद्रीच्या खांद्यांवर आणि ओढ्यांच्या बेचक्यांत वसलेल्या आहेत. शाळा, बाजार, दवाखाना, तलाठ्याची कचेरी या सगळ्यांकडे जाणारा त्यांचा रस्ता पुष्कळ ठिकाणी अजून पायवाटेचाच आहे. पावसाळ्यात अडलेल्या बाळंतिणीला किंवा सर्पदंश झालेल्या माणसाला झोळीत घालून गावकरी ओढा पार करीत असल्याची बातमी दर वर्षी कोठून तरी येते. आपण ती वाचतो, हळहळतो आणि पान उलटतो. तो ओढा चार महिने वाहतो आणि ती वाट बारा महिने लागते, एवढी साधी गोष्ट आपल्या नियोजनात मात्र उतरत नाही.

अतिवृष्टी आणि तहान

या प्रश्नाची दुसरी बाजू पाण्याची आहे. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून सुमारे शंभर किलोमीटर पूर्वेला माण तालुक्यात तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास येतो. म्हणजे पूर्व महाराष्ट्राकडे वाहणाऱ्या नद्यांचे भांडवल सह्याद्रीच्या माथ्यावरच्या एका अरुंद पट्ट्यात गोळा होते, आणि ते गोळा करणारे हात म्हणजे हे ओढे. नदीला आपण माता म्हणतो, तिची आरती करतो, तिच्या शुद्धीकरणाच्या योजना आखतो. पण नदी ही काही आकाशातून अखंड उतरत नाही. शेकडो ओढ्यांची बेरीज म्हणजे नदी. ओढे आटले, बुजले किंवा वळविले तर नदीला मायेचे कितीही शब्द वाहिले तरी तिच्यात पाणी येणार नाही.

ज्या घाटमाथ्यावर जुलैत ढग फुटतात त्याच घाटमाथ्यावरच्या वाड्यांना एप्रिलमध्ये टँकरची वाट पाहावी लागते, ही विसंगती पाहुण्याला चकित करते. तिचे कारण गूढ नाही. उतार तीव्र, मातीचा थर पातळ आणि खाली अभेद्य कातळ. त्यामुळे पडलेले पाणी थांबत नाही. त्याला थांबविणारी असते ती ओढ्याकाठची झाडी, पात्रातील दगडगोटे, डोह आणि उगमावरची देवराई. झाडी तुटली, पात्रातील दगड-वाळू उपसली, डोह गाळाने भरले की ओढा गटारासारखा वाहतो; आठ दिवस धावतो आणि मग कोरडा पडतो. २०१४ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात नाले खोल व रुंद करण्यावर मोठा भर दिला गेला. सपाटीवर त्याचा काही ठिकाणी लाभ झाला असेल. पण माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी क्रमाने अडवावे हे पाणलोटशास्त्राचे पहिले सूत्र सोडून केवळ यंत्र लावून पात्र खरवडणे म्हणजे ओढ्यावर उपचार नव्हे. शाळा-महाविद्यालयांतील मुले रिकाम्या पोत्यांत माती भरून जे वनराई बंधारे घालतात त्यांत पैसा कमी आणि समज अधिक असते.

ओढ्याचा विसर किती महागात पडतो हे शहरांनीही पाहिले आहे. पुण्याचा आंबिल ओढा कात्रजच्या डोंगरात उगम पावतो. पेशवाईत याच ओढ्याच्या खोऱ्यात कात्रजची तळी बांधून तेथून नळाने शहरात पाणी आणले गेले होते. म्हणजे तेव्हाच्या कारभाऱ्यांना हा ओढा शहराचा उपकारकर्ता म्हणून ठाऊक होता. नंतरच्या पिढ्यांनी त्याला सांडपाण्याचा नाला मानले आणि त्याच्या काठाला, प्रसंगी पात्रालाही, भिंतींनी आवळले. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री काही तासांच्या पावसाने त्या ओढ्याने आपली जुनी हद्द पुन्हा मोजून दाखविली, आणि पुणे शहर-परिसरात वीसहून अधिक माणसांचा बळी गेला. ओढ्याची स्मरणशक्ती माणसापेक्षा चांगली असते. नकाशातून तो पुसला तरी उतारावरून तो पुसला जात नाही.

वाट कोण अडवितो?

डोंगरातील ओढे व वाटा यांवर आज जे संकट आहे ते एका दिशेने आलेले नाही. पहिले संकट रस्त्याच्या बांधणीचे आहे. वाडीला रस्ता हवा, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. डोंगरातल्या माणसाने निसर्गप्रेमी शहरवासीयांच्या समाधानासाठी पाठीवर ओझे वाहत राहावे, असे कोणी म्हणत असेल तर ते निर्दयपणाचे आहे. पण रस्ता कसा करावा हा प्रश्न त्याने संपत नाही. डोंगराच्या अंगावरून आडवा जाणारा रस्ता वाटेत येणारा प्रत्येक ओहोळ तोडतो. त्या प्रत्येकाला मोरी हवी, आणि ती मोरी मे महिन्यातल्या कोरड्या पात्राकडे पाहून नव्हे, तर जुलैतल्या लोंढ्याकडे पाहून बांधायला हवी. प्रत्यक्षात कित्येक ठिकाणी अरुंद नळ टाकून काम उरकले जाते आणि खोदाईचा दगड-मुरूम खालच्या घळीत लोटला जातो. पहिल्याच पावसात नळ तुंबतो, पाणी रस्त्यावरून धावते आणि नवी वाट शोधत कोणाच्या तरी भातखाचरात किंवा घराच्या पाठीमागच्या उतारात शिरते. खालच्या बाजूची जुनी पायवाट तर राडारोड्याखाली केव्हाच गाडली गेलेली असते.

मुरलेले पाणी मातीच्या थराला जड करते, कातळाशी असलेली त्याची पकड सैल करते आणि उतार खाली येतो. दरडी कोसळण्याचे हे साधे शास्त्र आहे. ३० जुलै २०१४ ला माळीण, २२ जुलै २०२१ ला तळिये, १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी ही नावे महाराष्ट्राने रडत पाठ केली आहेत. प्रत्येक ठिकाणची कारणमीमांसा वेगळी असेल, आणि सगळ्या दरडी माणसामुळेच कोसळतात असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु पाण्याचा नैसर्गिक निचरा मोकळा राखणे हा प्रत्येक डोंगरवस्तीच्या सुरक्षिततेचा पाया आहे, याबद्दल वाद होऊ नये. इर्शाळवाडीने आणखी एक गोष्ट शिकविली. तेथे मोटार जात नव्हती. खोदाईची यंत्रे वर नेता आली नाहीत. भर पावसात, निसरड्या पायवाटेने चढूनच मदत पोहोचली. २७ मृतदेह हाती लागले आणि पन्नासहून अधिक माणसे ढिगाऱ्याखालीच राहिली. ज्या वाटेवर संकटाच्या रात्री संपूर्ण वस्तीचे प्राण अवलंबून असतात, ती वाट दुरुस्त ठेवण्यासाठी कोणत्याही खात्याच्या अंदाजपत्रकात ठळक स्थान नसावे, याला काय म्हणावे?

दुसरे संकट जमिनीच्या बाजाराचे आहे. मुंबई-पुण्याच्या पैशाला डोंगराचे आकर्षण वाटू लागल्यापासून घाटमाथ्यावरच्या व तळकोकणातल्या जमिनींचे तुकडे पडत आहेत. ‘ओढ्याकाठचा भूखंड’ ही विक्रीची मोहिनी ठरली आहे. घेणारा ओढ्यासाठी जमीन घेतो आणि पहिल्याच वर्षी ओढ्याला भिंत घालून त्याचे तळे करतो किंवा त्याला नळात कोंबतो. गावकरी पिढ्यान्‌पिढ्या जेथून गुरे पाण्यावर नेत होते तेथे लोखंडी फाटक उभे राहते आणि पहारेकरी ‘ही खाजगी जागा आहे’ असे सांगतो. जमीन विकणाराही बहुधा गावकरीच असतो, हे खरे. पण त्याने आपले शेत विकले. शेजाऱ्याची वाट आणि गावाचे पाणी विकण्याचा त्याला अधिकार नव्हता, आणि ते विकत घेण्याचा दुसऱ्यालाही नव्हता.

तिसरे संकट हौसेचे आहे. पावसाळी सहलींची लाट प्रत्येक धबधब्यापर्यंत पोहोचली आहे. तरुणांनी डोंगरात जावे, पाय झिजवावेत, भूगोल पायांनी शिकावा, ही इष्टच गोष्ट आहे. पण ओढ्याचा स्वभाव न जाणता पात्रात उतरणे म्हणजे धाडस नव्हे. डोंगरी ओढ्याचे पाणलोट लहान आणि उताराचे असते. वर माथ्यावर पडलेली सर खाली ऊन असतानाही काही मिनिटांत लोंढा होऊन येते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या बाजूच्या ओढ्यात एकाच कुटुंबातील पाच जण असेच वाहून गेले. वर्षभराने, १५ जून २०२५ रोजी, तळेगावजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पादचारी पूल गर्दीने कोसळून चौघांचे प्राण गेले. कुरवंड्याच्या माथ्यावर उगम पावणारी तीच ही इंद्रायणी. अशा प्रत्येक घटनेनंतर प्रशासन बंदीहुकूम काढते. बंदी ही तातडीची मलमपट्टी असू शकते; पण नादुरुस्त साकव, खुणा नसलेल्या वाटा आणि ओढ्याची भाषा न शिकलेली पिढी यांवर बंदीहुकूम हा उपाय नव्हे.

कायदा आहे, पण तो चालत नाही

या प्रश्नावर नवा कायदा करा, अशी मागणी करण्याचा मोह होतो. वस्तुस्थिती अशी आहे की जुनेच कायदे पुरेसे बोलके आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम २० नुसार सार्वजनिक रस्ते व वाटा, नद्या, ओढे, नाले आणि वाहते पाणी, ज्यांवर कोणाची मालकी सिद्ध झालेली नाही, ते शासनाचे म्हणजे जनतेचे आहेत. कलम १४३ नुसार शेताच्या बांधावरून जाण्याच्या हक्काचा निर्णय तहसीलदार देऊ शकतो. कलम १६५ मध्ये तर गावोगावच्या वहिवाटीचे, त्यांत रस्त्याचे व पाण्याचे हक्कही आले, ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाचे नोंदपत्रक करण्याची तरतूद आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चा आहे. वहिवाटीची वाट किंवा पाण्याचा नैसर्गिक प्रवाह कोणी अडविला तर तो अडथळा दूर करण्याचा अधिकार त्याच्या कलम ५ ने तहसीलदाराला दिला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेच्या शिफारशीवरून वनजमिनीतून रस्ते व लहान जलाशय यांसारख्या सोयी करण्याची मर्यादित मुभाही दिलेली आहे. त्यामुळे वाट वनखात्याच्या हद्दीतून जाते म्हणून काहीच करता येत नाही, ही सबब नेहमीच खरी नसते.

गावनकाशाही या वाटांचा साक्षीदार आहे. त्यावर गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने आणि पायमार्ग एका तुटक रेषेने दाखविलेला असतो. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरली जाते. शेताच्या क्षेत्रातून जाणारी मान्य वाट व सार्वजनिक उपयोगाचा ओढा यांखालची जमीन ‘पोटखराब वर्ग ब’ म्हणून वेगळी धरली जाते आणि तिच्यावर शेतसारा आकारला जात नाही. ज्या जमिनीचा सारा खातेदाराने कधी भरला नाही, ती सर्वस्वी आपली आहे असे त्याला म्हणता येणार नाही, हे कोणाही सामान्य कारकुनाला समजते.

मग अडचण कोठे आहे? अडचण अशी की हे सर्व हक्क अडचणीत सापडलेल्या माणसाने स्वतः जाऊन मागायचे आहेत. मामलेदार न्यायालयात दावा करायचा तर अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. पावसाळ्यानंतर वाट अडली, सुगीत माणसे कामाला लागली, उन्हाळ्यात स्थलांतर झाले, आणि परत येईतो मुदत टळली. मग दिवाणी न्यायालयाची पायरी. एका बाजूला वकील लावू शकणारा भूखंडधारक आणि दुसऱ्या बाजूला एक दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला आलेला वाडीवरचा माणूस, असा हा सामना असतो. वहिवाट मोडण्याला एक दिवस पुरतो. ती पुन्हा मिळविण्याला आयुष्य अपुरे पडते. शिवाय पुष्कळशा घाटवाटा नकाशावर आलेल्याच नाहीत. गावाच्या शिवेपर्यंत रेषा येते आणि कड्यावर थांबते. खालच्या जिल्ह्याच्या नकाशात ती पुन्हा उगवतेच असे नाही. डोंगर एक आहे, पण वरचा जिल्हा वेगळा आणि खालचा वेगळा; मध्ये वनखाते तिसरे. तीन दप्तरांच्या मधल्या फटीत वाट हरवते.

काय करता येईल?

इंग्लंडमध्ये १९४९ च्या कायद्याने स्थानिक संस्थांवर त्यांच्या हद्दीतील सार्वजनिक पायवाटांचे अधिकृत नकाशे करण्याचे बंधन घातले. नकाशावर आलेली वाट हा तिच्या सार्वजनिकत्वाचा निर्णायक पुरावा मानला जातो. ती अडविणाऱ्याला जाब द्यावा लागतो, चालणाऱ्याला नव्हे. आपल्याकडे मोजणीची परंपरा त्याच राज्यकर्त्यांनी घालून दिली, पण पुराव्याचे ओझे मात्र चालणाऱ्याच्या डोक्यावर राहिले. ते उतरविणे ही पहिली सुधारणा होय. २०२५ मध्ये राज्य शासनाने शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत घेण्याचे ठरविले. हे पाऊल स्वागतार्ह आहे. त्याचीच व्याप्ती वाढवून डोंगरी तालुक्यांतील पायवाटा आणि ओढ्यांची पात्रे यांचीही नोंद घ्यावी. घाटवाटेच्या बाबतीत दोन्ही जिल्ह्यांची व वनखात्याची संयुक्त पाहणी व्हावी, म्हणजे रेषा कड्यावर तुटणार नाही.

दुसरी गोष्ट, रस्त्याच्या प्रत्येक कामाच्या अंदाजपत्रकात तो रस्ता किती ओहोळ ओलांडतो आणि किती पायवाटा तोडतो याची यादी असलीच पाहिजे. प्रत्येक ओहोळाला पुरेशी मोरी, प्रत्येक तुटलेल्या वाटेला पायऱ्या किंवा उतार, आणि खोदाईच्या मालासाठी ठरलेली जागा यांची तरतूद नसेल तर ते अंदाजपत्रक मंजूर होऊ नये. यात तांत्रिक अवघड असे काही नाही. दीडशे वर्षांपूर्वी घाटात रूळ टाकणाऱ्यांनाही पाण्याला वाट दिल्याशिवाय डोंगरात टिकता येत नाही हे समजले होते.

तिसरी गोष्ट पैशाची आणि तीही फार मोठ्या पैशाची नाही. पाखाडीचे निखळलेले दगड बसविणे, साकव तपासणे, टाक्यांतला गाळ काढणे, ओढ्याकाठी करंज-जांभूळ-उंबर लावणे ही कामे रोजगार हमीच्या मजुरीतून, उन्हाळ्याच्या दोन महिन्यांत, गावच्याच हातांनी होऊ शकतात. यंत्राला येथे काम नाही. म्हणूनच कंत्राटदाराला त्यात रस नाही, आणि म्हणूनच कदाचित ती होत नाहीत.

पश्चिम घाटाच्या रक्षणाविषयी मोठ्या पातळीवर पुष्कळ चर्चा झाली. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ मध्ये अहवाल दिला, कस्तुरीरंगन यांच्या कार्यगटाने २०१३ मध्ये दिला, आणि मधल्या काळात, २०१२ मध्ये, युनेस्कोने या पर्वतरांगेतील ३९ स्थळांना जागतिक वारशाचा मान दिला. त्या अहवालांवरून उठलेले वादळ सर्वांना आठवत असेल. गावकऱ्याला भीती वाटली की संरक्षण म्हणजे आपल्यावर बंदी. ओढा आणि वाट यांपासून सुरुवात केली तर ही भीती उरत नाही. येथे संरक्षणाचा पहिला लाभार्थी गावकरीच आहे. त्याचे पाणी, त्याची वाट, त्याच्या मुलांची शाळा आणि त्याच्या वस्तीचा उतार सुरक्षित राहतो. जंगल व जीवसृष्टी त्याच्या मागोमाग राखली जाते. निसर्गरक्षण आणि लोकहित यांचे भांडण लावून दिल्याशिवाय ज्यांचे काम चालत नाही त्यांची गोष्ट वेगळी.

शिक्षकांचे आणि विद्यार्थ्यांचे काम

शासनाने काय करावे हे सांगून लेखणी खाली ठेवणे सोपे असते. पण या कामात शाळा-महाविद्यालयांना जे करता येण्यासारखे आहे ते तहसीलदारालाही करता येणार नाही. डोंगरी भागातल्या प्रत्येक माध्यमिक शाळेने आपल्या गावाचा नकाशा मिळवावा आणि मुलांना घेऊन त्यावरचा एक ओढा, दिवाळीनंतर पाणी ओसरल्यावर, तोंडापासून उगमापर्यंत चालावा. डोह कोठे आहे, झरा कोणत्या महिन्यापर्यंत टिकतो, वाट कोठे ओढा ओलांडते, कोठे कुंपण पडले आहे, त्या ठिकाणाला जुनी माणसे कोणत्या नावाने ओळखतात, हे सर्व वहीत उतरावे. गावातल्या वृद्धांबरोबर ही नावे जात आहेत. ती गेली की हक्काचा तोंडी पुरावाही जाईल. असे टिपण ग्रामसभेपुढे ठेवले तर ती वहिवाटीच्या हक्कांच्या नोंदीची सुरुवात ठरेल. भूगोलाचा, इतिहासाचा, नागरिकशास्त्राचा आणि मराठीचा असा एकत्र तास दुसरीकडे कोठे मिळणार?

कचेऱ्यांत बसणाऱ्यांनाही यात वाटा आहे. वाट अडविल्याचा अर्ज टेबलावर येतो तेव्हा तो ‘किरकोळ’ म्हणून गठ्ठ्याच्या तळाशी जातो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. सहा महिन्यांच्या मुदतीचा अर्ज सात महिने पडून राहिला, तर अर्जदाराचा हक्क मारणारा एकटा कुंपणवाला नसतो. वेळेवर केलेली एक नोंद, वेळेवर केलेली एक स्थळपाहणी एखाद्या वाडीला तिची वाट परत देऊ शकते. सत्ता फक्त मंत्रालयात असते असे नव्हे. ती कारकुनाच्या शेऱ्यातही असते.

कुरवंड्याच्या माथ्यावर पडलेले पाणी पूर्वेला जायचे की पश्चिमेला, हे डोंगर ठरवितो. त्या पाण्याच्या काठाने माणसाने चालावे की नाही, हे मात्र आपण ठरविणार आहोत. नाणेघाटात टाकी खोदणाऱ्यांनी आणि पऱ्यावर साकव टाकणाऱ्यांनी आपल्यामागून येणाऱ्या अनोळखी वाटसरूचा विचार केला होता. त्यांच्यापेक्षा कितीतरी अधिक साधने हाती असलेल्या पिढीने निदान त्यांनी दिलेले बुजवू नये, इतकी अपेक्षा जास्त नाही. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक डोंगरी तालुक्याने आपल्या ओढ्यांची आणि वाटांची एक यादी जरी केली, तरी कामाला सुरुवात झाली असे म्हणता येईल.